श्रमाचा शिक्षक : बुकर टी. वॉशिंग्टन

गेल्या पावसाळ्यात आपल्या शाळेच्या मागील पडीक जागेत परसबाग करण्याचे ठरले आणि आठवड्यातून दोन तास विद्यार्थ्यांच्या हाती खोरी-कुदळी देण्यात आल्या, ही गोष्ट आमच्या वाचकांच्या स्मरणात असेलच. बाग सुरू होऊन पंधरवडाही लोटला नव्हता, तोच एक पालक आम्हांस भेटावयास आले. गृहस्थ अत्यंत सौम्य व सालस. त्यांचे सारे आयुष्य दुसऱ्याच्या कुळागरात माती उपसण्यात आणि पोफळींना पाणी सोडण्यात गेलेले. आपल्या मुलाच्या हाती खोरे येऊ नये एवढ्यासाठीच आपण त्याला शाळेत धाडतो. मग शाळेनेच ते त्याच्या हाती का द्यावे, असे त्यांनी नम्रपणे विचारले. त्यांच्या स्वरात राग नव्हता, व्यथा होती. श्रमाची महती सांगणारी चार ठरीव वाक्ये आमच्या जिभेवर आली खरी. परंतु त्यांच्या घट्टे पडलेल्या तळहातांकडे पाहून ती उच्चारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

हाच प्रश्न सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी अमेरिकेच्या दक्षिण भागातील अलाबामा राज्यात, टस्कीगी नावाच्या एका लहानशा गावी, एका तरुण शिक्षकाला अनेक पालकांनी विचारला होता. ते पालक तर थोड्याच वर्षांपूर्वीपर्यंत गुलाम होते. ज्या कामापायी पाठीवर चाबूक ओढले गेले, तेच काम आता शाळा आपल्या मुलांना शिकविणार, हे त्यांच्या मनास पटावे कसे? त्या तरुण शिक्षकाचे नाव बुकर टी. वॉशिंग्टन. त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यातच त्यांचे सारे आयुष्य वेचले गेले. म्हणून या वर्षीच्या अंकासाठी आम्ही त्यांचेच चरित्र निवडले आहे.

बुकरचा जन्म १८५६ साली व्हर्जिनिया राज्यातील हेल्स फोर्ड या गावाजवळच्या एका मळ्यावर झाला. त्याची आई जेन ही त्या मळ्यावरील स्वयंपाकीण. ती गुलाम, म्हणून मूलही जन्मतःच गुलाम. वडील कोणी एक गोरा मनुष्य होता, एवढेच त्याला पुढे कळले. त्याचे नाव कधीही कळले नाही. मायलेकरे राहत ती एक लाकडी ओंडक्यांची खोपटी. तिला खिडक्यांची तावदाने नव्हती, जमीन मातीची. त्या जमिनीत मध्यभागी रताळी साठविण्यासाठी खणलेला एक खड्डा. मुलांना अंथरूण म्हणजे मातीवर पसरलेल्या चिंध्या. गुलामांच्या मुलांना घालावयास अळशीच्या टाकाऊ धाग्यांचा सदरा मिळे. तो नवा असताना अंगाला शेकडो काटे टोचावेत तसा बोचे. बुकरचा थोरला भाऊ जॉन याने धाकट्याची ही दशा पाहून त्याचा नवा सदरा कित्येक दिवस स्वतःच्या अंगात घालून मऊ करून दिला. दारिद्र्यातही माया कशी नांदते याचे यापरते उदाहरण कोणते द्यावे!

या काळात शाळेशी बुकरचा संबंध आला तो एवढाच, की धन्याच्या मुलीची पुस्तके उचलून तो तिला शाळेच्या दारापर्यंत पोचवी. आत मुले बाकांवर बसून वाचीत असत. ते दृश्य पाहून, त्या खोलीत शिरणे म्हणजे स्वर्गात शिरणे, असे त्या बालकास वाटे.

१८६५ साली अमेरिकेतील यादवी युद्ध संपले आणि गुलामांना स्वातंत्र्य मिळाले. मळ्यावरील सर्व गुलामांना मोठ्या घरासमोर बोलावून एका अधिकाऱ्याने जाहीरनामा वाचून दाखविला. आईने मुलांना जवळ घेऊन त्यांचे मुके घेतले. तिच्या डोळ्यांतून आनंदाश्रू वाहत होते. परंतु स्वातंत्र्याने पोट भरत नाही. बुकरचा सावत्र पिता वेस्ट व्हर्जिनियातील माल्डन या गावी मिठाच्या भट्ट्यांवर कामाला होता. शेकडो मैलांची वाट बहुतांशी पायी तुडवून हे कुटुंब तेथे पोचले आणि नऊ-दहा वर्षांचा बुकर पहाटेपासून भट्टीवर राबू लागला. भट्टीतील पिंपांवर प्रत्येक मजुराचा आकडा घातला जाई. सावत्र पित्याचा आकडा होता १८. शाळेचे तोंड न पाहिलेल्या मुलाला ओळखता येऊ लागलेली ही पहिली अक्षरे! पुढे आईने कोठूनसे एक अंकलिपीचे पुस्तक पैदा केले. तिला स्वतःला अक्षरओळख नव्हती, शिकवू शकेल असे जवळ कोणी नव्हते. तरी त्या मुलाने पुस्तकाशी झटापट करीत मुळाक्षरे बरीचशी आत्मसात केली.

गावात कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा निघाली, तेव्हा बापाने त्याला कामावरून सोडावयाचे नाकारले. अखेर पहाटेपासून नऊ वाजेपर्यंत भट्टीवर काम, मग शाळा, आणि शाळा सुटल्यावर पुन्हा दोन तास काम, अशी तडजोड झाली. पण शाळाही नऊलाच भरे, आणि ती दूर होती. रोज उशीर होऊ लागला तेव्हा बुकरने एक युक्ती केली. कचेरीतील ज्या घड्याळावर सगळे मजूर चालत, त्याचे काटे तो रोज सकाळी साडेआठावरून नऊवर सरकवून ठेवू लागला. काही दिवसांनी मुकादमाला संशय आला व त्याने घड्याळ पेटीत कुलूपबंद केले. थोर पुरुषांनीही बालपणी अशा खोड्या केलेल्या असतात. मात्र ही खोडी शाळा चुकविण्यासाठी नसून शाळा गाठण्यासाठी होती, हे आमच्या उशिरा येणाऱ्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

शाळेत पहिल्याच दिवशी हजेरी घेताना प्रत्येक मुलाने दोन दोन नावे सांगितली. बुकरला तर एकच नाव ठाऊक. आपली पाळी येईपर्यंत त्याने विचार केला आणि शांतपणे बुकर वॉशिंग्टन असे नाव सांगून टाकले. आईने आपले आडनाव टालिआफेरो ठेवले होते हे त्याला मागाहून कळले, तेव्हा तेही त्याने मधे घेतले. अशा रीतीने, ज्याला पूर्वजांचे नावही लाभले नव्हते, त्याने स्वतःचे नाव स्वतः सिद्ध केले.

काही काळ कोळशाच्या खाणीत काढल्यावर त्याला मिसेस रफनर नावाच्या एका गोऱ्या बाईच्या घरी महिना पाच डॉलरवर काम मिळाले. बाई फार कडक. तिच्याकडे कोणी नोकर टिकत नसे. अंगणात कागदाचा कपटा दिसता कामा नये, कुंपणाची निखळलेली फळी तिथल्या तिथे बसली पाहिजे, प्रत्येक काम वेळेवर आणि प्रामाणिकपणे झाले पाहिजे, अशी तिची शिस्त. प्रथम बुकर थरथर कापे. पुढे मात्र तिचा हेतू त्याला उमगला. तिच्या घरी मिळालेले धडे आपल्या इतर कोणत्याही शिक्षणाइतकेच मोलाचे ठरले, असे त्याने पुढे कृतज्ञतेने नमूद केले आहे. त्याचा प्रत्यय त्याला लवकरच यावयाचा होता.

खाणीत असताना दोन मजुरांच्या बोलण्यातून, व्हर्जिनियात हँप्टन येथे कृष्णवर्णीयांसाठी एक मोठी शाळा असून तेथे गरीब मुलांना काम करून शिकता येते, असे त्याच्या कानी पडले होते. तेव्हापासून हँप्टनचा ध्यास लागला. १८७२ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो सुमारे पाचशे मैलांच्या प्रवासास निघाला. पैसे वाटेतच संपले. रिचमंड शहरात तो पोचला तेव्हा रात्र झाली होती, खिशात दमडी नव्हती, पोटात अन्न नव्हते. रस्त्याच्या कडेची फळ्यांची पायवाट जेथे जमिनीपासून उंच होती, तेथे तिच्या खाली शिरून तो झोपला. डोक्यावरून रात्रभर माणसांची पावले वाजत होती. सकाळी बंदरात एका जहाजातून कच्च्या लोखंडाचे ठोकळे उतरविण्याचे काम मिळाले, तेव्हा कोठे न्याहारी झाली. तेच काम काही दिवस करीत आणि त्याच पायवाटेखाली झोपत त्याने पैसे साठविले. हँप्टनला पाऊल ठेवले तेव्हा त्याच्यापाशी बरोबर पन्नास सेंट उरले होते.

मळक्या कपड्यांतील, कित्येक दिवस न नाहिलेल्या त्या मुलाला पाहून मुख्य अध्यापिका मिस मॅकी यांच्या मनात त्याला प्रवेश द्यावा की नाही, असा संभ्रम पडला. कित्येक तास त्यांनी त्याला तिष्ठत ठेवले. शेवटी शेजारची वर्गखोली झाडून काढ, एवढेच सांगितले. बुकरने ती खोली तीनदा झाडली. मग फडके घेऊन भिंती, बाके, मेजे, कपाटे चारदा पुसली. मिस मॅकींनी स्वतःचा रुमाल काढून भिंतीवरून, मेजावरून फिरविला. धुळीचा कणही लागला नाही, तेव्हा त्यांनी त्याला शाळेत घेतले. महाविद्यालयांच्या प्रवेशपरीक्षा आम्ही पुष्कळ पाहिल्या. परंतु केरसुणीने दिलेली अशी परीक्षा दुसरी ऐकिवात नाही.

हँप्टनमध्ये शाळेचे शिपाईकाम करून बुकर आपला खर्च भागवू लागला. ठराविक वेळी जेवणे, मेजावर जेवणे, रोज स्नान करणे, दात घासणे, या साऱ्याच गोष्टी त्याला नव्या होत्या. बिछान्यावरील दोन चादरींचे तर मोठे कोडे पडले. पहिल्या रात्री तो दोन्ही चादरींच्या खाली झोपला, दुसऱ्या रात्री दोन्हींच्या वर. इतर मुलांचे पाहून तिसऱ्या दिवशी एक खाली व एक वर हे रहस्य उलगडले. शाळेचे प्रमुख जनरल आर्मस्ट्राँग यांच्या उदात्त चारित्र्याचा त्याच्या मनावर जन्मभराचा ठसा उमटला. काम ही शिक्षा नसून, स्वतःच्या बळावर उभे राहण्याचे साधन आहे, हे त्याला तेथे समजले. १८७५ साली पदवी घेऊन तो माल्डनला परतला आणि शिक्षक झाला. आपल्या शाळेत तो पुस्तकांबरोबरच केस विंचरणे, हातपाय धुणे, दात घासणे हेही शिकवी.

१८८१ साली अलाबामा राज्याच्या विधिमंडळाने टस्कीगी येथे कृष्णवर्णीय शिक्षक तयार करण्यासाठी शाळा काढावयाचे ठरवून वर्षाला दोन हजार डॉलर मंजूर केले. ही मंजुरी मिळविण्यात लुइस ॲडम्स नावाच्या एका पूर्वीच्या गुलामाचा मोठा वाटा होता. हा गृहस्थ एक दिवसही शाळेत गेला नव्हता. परंतु जोडे शिवणे, घोड्याचे सामान करणे आणि पत्र्याचे काम या तीनही धंद्यांत वाकबगार होता. शाळेसाठी प्रमुख हवा म्हणून जनरल आर्मस्ट्राँग यांच्याकडे विचारणा झाली आणि त्यांनी पंचवीस वर्षांच्या वॉशिंग्टन यांचे नाव सुचविले. वॉशिंग्टन टस्कीगीला येऊन पाहतात, तो जागा नाही, इमारत नाही, पुस्तके नाहीत. दोन हजार डॉलर मिळाले होते ते केवळ शिक्षकांच्या पगारापुरते.

शाळा उघडण्यापूर्वी महिनाभर ते खेचराच्या गाडीतून खेडोपाडी हिंडले. एका घरात त्यांना हप्त्याहप्त्याने घेतलेली साठ डॉलरची बाजाची पेटी दिसली. आणि त्याच घरात जेवावयास बसलेल्या पाच माणसांत काटा एकच होता. दुसऱ्या एका खोपटात एक तरुण मळकट कपड्यांनिशी बसलेला आढळला. भोवती घाण, अंगणात रान माजलेले, आणि तो मात्र फ्रेंच व्याकरणाच्या पुस्तकात डोके खुपसून बसला होता. फ्रेंच शिकणे वाईट असे वॉशिंग्टन यांस मुळीच वाटले नाही. त्यांस खंत वाटली ती याची, की त्या तरुणाच्या शिक्षणाने त्याच्या अंगणापर्यंत हातच पोचविला नव्हता.

४ जुलै १८८१ रोजी एका प्रार्थनामंदिराशेजारच्या मोडक्या झोपडीत तीस विद्यार्थ्यांनिशी शाळा सुरू झाली. छप्पर असे, की पावसात एखादा विद्यार्थी आपला धडा सोडून वॉशिंग्टन यांच्या डोक्यावर छत्री धरी आणि ते इतरांचे धडे ऐकत. विद्यार्थ्यांपैकी बहुतेक जण आधीच खेड्यांतून मास्तरकी करीत असलेले. काही तर चाळिशीला टेकलेले. जाड्या पुस्तकांची व लांबलचक विषयांची त्यांना मोठी हौस. पेढीचे व्याज व कसर यांचे नियम पाठ, पण पेढीत कोणाचेही खाते नाही. पृथ्वीच्या गोलावर सहाराचे वाळवंट चटकन दाखवितील, पण जेवणाच्या मेजावर सुरीकाटे कोठे मांडावे हे ठाऊक नाही.

वॉशिंग्टन यांनी ताडले, की या मुलांना पुस्तकाबरोबर दुसरेही काही दिले पाहिजे. तीन महिन्यांच्या आतच त्यांनी गावाबाहेर मैलभरावरचा शंभर एकरांचा एक जुना मळा पाचशे डॉलरना ठरविला. निम्मी रक्कम त्यांनी हँप्टनच्या खजिनदारांकडून उसनी आणली. मळ्यावरचा वाडा पूर्वीच जळून गेला होता. उरल्या होत्या त्या एक तबेला, एक जुने स्वयंपाकघर आणि एक कोंबड्यांचे खुराडे. तबेला व खुराडे झाडूनपुसून तेथे वर्ग भरविण्यात आले. मदतीला बोलाविलेल्या एका म्हाताऱ्याला, शाळेचे हेडमास्तर भरदिवसा खुराडे साफ करावयास निघालेले पाहून नवल वाटले. पुढे जमीन साफ करून पीक घेण्याची वेळ आली, तेव्हा विद्यार्थी कुरकुरू लागले. आपण मास्तर, झाडे तोडणे आपल्या शिक्षणात कोठे बसते, असे त्यांना वाटे. वॉशिंग्टन यांनी व्याख्यान दिले नाही. रोज शाळा सुटल्यावर स्वतः कुऱ्हाड खांद्यावर टाकून ते रानात जाऊ लागले. गुरुजींना काम करण्याची लाज वाटत नाही असे दिसताच मुले मागोमाग निघाली, आणि पाहता पाहता वीस एकर जमीन मोकळी होऊन तीत पीक डोलू लागले.

पैसा उभा करण्याचे काम त्यांच्या सहकारी मिस ऑलिव्हिया डेव्हिडसन यांनी शिरावर घेतले. त्या दिवसांतील एक प्रसंग आम्हांस विशेष हृदयंगम वाटतो. सत्तरीची एक वृद्धा, पूर्वीची गुलाम, काठी टेकीत शाळेत आली. अंगावर चिंध्या, पण स्वच्छ. द्यावयास पैसा नाही म्हणून तिने मुलांच्या शिक्षणासाठी साठवून ठेवलेली सहा अंडी पुढे केली. शाळेला पुढे लक्षाधीशांच्या देणग्या मिळाल्या. पण या सहा अंड्यांइतके दुसऱ्या कोणत्याही दानाने आपले मन हेलावले नाही, असे वॉशिंग्टन यांनी म्हटले आहे.

इमारत बांधावयाची तर विटा हव्यात, आणि गावात वीटभट्टी नव्हती. तेव्हा शाळेनेच विटा पाडावयाचे ठरविले. कोणालाही या धंद्याची माहिती नव्हती. गुडघाभर चिखलात तासन्‌तास उभे राहावे लागे. कित्येक विद्यार्थी या कामाला विटून शाळा सोडून गेले. योग्य माती सापडेपर्यंत दोनतीन जागा पालटल्या. अखेर सुमारे पंचवीस हजार विटा पाडून भट्टी रचली. ती नीट रचली गेली नव्हती. विटा वाया गेल्या. दुसरी भट्टी फसली. तिसरी आठवडाभर उत्तम जळत राहिली आणि आता काम फत्ते झाले असे वाटत असताना मध्यरात्री कोसळली. चौथ्या प्रयत्नासाठी जवळ एक डॉलरही उरला नव्हता. शिक्षकांनीही हा नाद सोडून देण्याचा सल्ला दिला. वॉशिंग्टन यांच्यापाशी एक जुने घड्याळ होते. ते त्यांनी माँटगोमेरी शहरी नेऊन पंधरा डॉलरना गहाण टाकले आणि चौथी भट्टी लावली. या वेळी विटा पक्क्या भाजल्या. पैसे हाती येईपर्यंत घड्याळाची मुदत टळून गेली होती, ते परत मिळाले नाही. त्याचे दुःख मात्र त्यांना कधी झाले नाही.

या भट्टीने शाळेला इमारती तर दिल्याच, पण आणखीही काही दिले. गावात दुसरीकडे चांगली वीट मिळत नसल्याने, कृष्णवर्णीयांच्या शाळेकडे वाकड्या नजरेने पाहणारे गोरे शेजारी विटा विकत घेण्यासाठी शाळेत येऊ लागले. ज्याच्या हातची वस्तू आपल्याला हवी असते, त्याला तुच्छ लेखणे अवघड जाते. १९०० सालच्या सुमारास शाळेचे विद्यार्थी एका हंगामात बारा लाख विटा तयार करीत होते. पहिल्या वीस वर्षांत उभ्या राहिलेल्या चाळीस इमारतींपैकी चार वगळता बाकी सर्व जवळजवळ संपूर्णपणे विद्यार्थ्यांनी बांधलेल्या होत्या. नवा विद्यार्थी भिंतीवर पेन्सिलीने रेघोट्या ओढू लागला, तर जुना विद्यार्थी त्याला हटकी. कारण त्या भिंतीतील विटा त्याने स्वतः रचलेल्या असत. आपल्या वर्गांच्या भिंतींकडे पाहताना ही गोष्ट आम्हांस वारंवार आठवते.

आता पालकांकडे वळू. शाळेत प्रत्येकाला हाताने काम करावे लागते हे समजताच अनेकांनी निषेधाची पत्रे धाडली. कित्येक स्वतः येऊन भांडले. नवीन येणारा बहुतेक प्रत्येक विद्यार्थी, याला पुस्तकांखेरीज काही शिकवू नये, असा आईबापांचा निरोप घेऊन येई. वॉशिंग्टन यांनी नियम बदलला नाही. कोणाचा बाप कितीही पैसेवाला असो, काम केल्यावाचून शाळेतून बाहेर पडता येणार नाही, असा दंडक त्यांनी ठेवला. मात्र त्यांनी पालकांना झिडकारलेही नाही. जमेल तेव्हा ते गावोगाव जात, पालकांच्या सभा घेत आणि आपला हेतू समजावून सांगत. पूर्वीही हेच काम होते. पण तेव्हा ते दुसऱ्यासाठी, दुसऱ्याच्या हुकुमाने आणि डोके न वापरता करावे लागे. आता तेच स्वतःसाठी, समजून उमजून, त्यातील शास्त्र जाणून करावयाचे, एवढा फरक त्यांनी पटवून दिला. सुतारशाळेतील फळीचे माप हेच अंकगणिताच्या वर्गातील उदाहरण होई. ज्यांना फी देणे शक्य नव्हते त्यांच्यासाठी १८८४ साली रात्रीची शाळा निघाली. दिवसा दहा तास काम, रात्री दोन तास अभ्यास. प्रारंभी तीत बारा विद्यार्थी होते. १९०० च्या सुमारास साडेचारशेंवर गेले.

वॉशिंग्टन यांनी थोर शिक्षकही जमविले. १८९६ साली त्यांनी जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांना शेतकी खात्यात बोलावून घेतले. वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ या पुस्तकामुळे हे नाव मराठी घराघरांत पोचले आहे. परंतु कार्व्हरना टस्कीगीला आणणारा माणूस कोण, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. १९०६ साली शेतीची अवजारे व बियाणे भरलेली एक घोडागाडी खेडोपाडी फिरू लागली. जे शेतकरी शाळेत येऊ शकत नव्हते त्यांच्या बांधावर शाळाच जाऊन उभी राहिली.

कीर्ती वाढत गेली. १८९५ साली अटलांटा येथील प्रदर्शनात दिलेल्या भाषणाने वॉशिंग्टन देशभर गाजले. पुढच्याच वर्षी हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना सन्मान्य पदवी दिली. १९०१ साली त्यांचे आत्मचरित्र पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्यांना आपल्या निवासस्थानी भोजनास बोलाविले. एका कृष्णवर्णीयाला दिलेल्या या मानामुळे दक्षिणेतील गोऱ्यांत केवढा गहजब उडाला! जो मुलगा एके काळी फळ्यांच्या पायवाटेखाली झोपला होता, तो आता राष्ट्राध्यक्षांच्या पंक्तीला बसला होता.

परंतु चरित्र म्हणजे आरती नव्हे. वॉशिंग्टन यांच्यावर त्यांच्याच समाजातील विद्वानांनी कडक टीका केली आणि तीही आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असली पाहिजे. टीकाकारांचे अग्रणी होते डॉ. डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस. हार्वर्डची डॉक्टरेट मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय. १९०३ सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी आक्षेप घेतला, की वॉशिंग्टन धंदेशिक्षणावर भर देताना मतदानाचा हक्क, नागरी समता आणि बुद्धिमान तरुणांचे उच्च शिक्षण या तीन गोष्टींचा आग्रह सोडून देतात. ज्याला हक्क नाही, त्याने कमावलेली मालमत्ता तरी राहील कशी? आणि महाविद्यालये नसतील, तर धंदेशिक्षणाच्या शाळांना शिक्षक कोठून मिळतील? हा आक्षेप पोकळ नव्हता. त्या वर्षांत दक्षिणेतील राज्ये एकामागून एक कायदे करून कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेत होती. विटा कितीही पक्क्या भाजल्या तरी तो त्यांनी परत मिळाला नाही. शिवाय कारखाने वाढू लागताच शाळेत शिकविलेले काही हातधंदेही मागे पडत चालले.

तथापि माणसाचे अंतरंग त्याच्या भाषणांहून खोल असते. मताधिकार हिरावणाऱ्या कायद्यांविरुद्ध न्यायालयांत जे दावे लढविले गेले, त्यांतील काहींना वॉशिंग्टन गुप्तपणे पैसा पुरवीत होते, हे त्यांच्या पश्चात त्यांच्या कागदपत्रांतून उघड झाले. उघडपणे त्यांनी ते केले असते, तर शाळेवर गदा आली असती. तसेच पुस्तकी विद्येचा तिटकारा त्यांना नव्हता. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयाचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर रॉबर्ट टेलर यांना त्यांनीच टस्कीगीला आणले. टेलर नकाशे काढीत आणि विद्यार्थी इमारती उभारीत. त्यांची स्वतःची कन्या पोर्शिया संगीताच्या अभ्यासासाठी जर्मनीस गेली होती. जे आपल्या मुलीला दिले, त्याचे दार इतरांच्या मुलांसाठी किती उघडे ठेवावयाचे, हाच खरा वाद होता. आणि आमच्या मते त्या वादात डुबॉइस यांची बाजू दुबळी नव्हती.

१९१५ सालच्या नोव्हेंबरात न्यू यॉर्क येथे वॉशिंग्टन यांची प्रकृती ढासळली. आता फार वेळ उरला नाही असे कळताच त्यांनी टस्कीगीला परतण्याचा हट्ट धरला. लांबचा रेल्वेप्रवास करून ते घरी पोचले आणि १४ नोव्हेंबर रोजी पहाटे त्यांचे देहावसान झाले. वय अवघे एकोणसाठ. एका गळक्या झोपडीत तीस विद्यार्थ्यांनिशी सुरू झालेल्या शाळेत त्या वेळी सुमारे पंधराशे विद्यार्थी होते आणि शंभरांवर इमारती होत्या. त्याच आवारात त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. १९८५ साली त्या शाळेचे विद्यापीठ झाले.

आपल्या देशालाही हे नाव परके नाही. दक्षिण आफ्रिकेत असताना गांधीजींनी १९०३ सालीच ‘इंडियन ओपिनियन’ या पत्रात वॉशिंग्टन यांच्यावर लेख लिहिला होता. पुढे १९३७ साली वर्ध्यास त्यांनी हस्तोद्योगातून शिक्षण देणारी आपली योजना देशापुढे ठेवली. साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटील यांनी कमवा आणि शिका या मार्गाने हजारो खेडुतांच्या मुलांना शिकविले. आणि भाऊरावांनी शेतावर राबविलेल्या त्या मुलांसाठी महाविद्यालयेही काढली, हे विसरता कामा नये. हात आणि पुस्तक यांचा तंटा मिटविण्याचा तोच राजमार्ग होय.

लेखाच्या आरंभी ज्या पालकांचा उल्लेख केला, त्यांच्याकडे आम्ही पुढच्या रविवारी स्वतः गेलो. उपदेश करावयास गेलो नाही. परसबागेतील वाफ्यांत पाणी साचून तांबड्या भाजीची रोपे कुजत होती आणि आम्हां पदवीधरांना त्यावर उपाय सुचत नव्हता. तो विचारावयास गेलो. ते आले, जागेचा उतार पाहिला आणि पाट कोणत्या बाजूने काढावा हे मुलांना तासभर समजावून सांगितले. उतार किती फुटांना किती इंच असावा याचे गणित त्यांच्या मुलानेच फळ्यावर मांडले. आयुष्यभर दुसऱ्याच्या कुळागरात मिळविलेली आपली विद्या शाळेच्या फळ्यावर लिहिली जात आहे, हे ते गृहस्थ दारात उभे राहून पाहत होते.

त्यांच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर एवढ्याने झाले असे आम्ही मानीत नाही. खोरे हाती घेण्याची लाज वाटू नये, हे शिकविणे शाळेचे काम खरेच. परंतु खोऱ्यावाचून दुसरे काही हाती घेताच येऊ नये, अशी पाळी विद्यार्थ्यावर न येऊ देणे, हेही शाळेचेच काम आहे. पहिल्यासाठी आम्ही मुलांबरोबर स्वतः मातीत उतरू, आणि हाताला आलेले फोड मुकाट्याने सोसू. दुसऱ्याविषयी सांगावयाचे तर त्या मुलाचे बीजगणित अजून कच्चे आहे. सहामाही परीक्षेपूर्वी ते पक्के करून घेण्याचे वचन आम्ही त्याच्या वडिलांना दिले आहे, आणि ते पाळणे आमच्याकडे लागले.